वाहनकर आणि रस्ते

पूर्वी नाका म्हणजे वाटेवरील जकात घेण्याचे ठिकाण. आज साकीनाक्याच्या गर्दीत अडकलेल्या वाहनधारकास साहजिकच वाटते, की आपला कर रस्त्यालाच का मिळू नये?

वाहनखरेदीवरील वस्तू व सेवा करातील राज्याचा वाटा आणि नोंदणीच्या वेळचा मोटार वाहन कर राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. त्याच्या खर्चास विधानमंडळ मंजुरी देते.

रस्त्यांसाठी कर राखून ठेवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २०१८ मध्ये निधीची व्याप्ती वाढवून त्यात अन्य पायाभूत सुविधांचाही समावेश झाला.

राखीव निधीमुळे दुरुस्तीस खात्रीचा पैसा लाभतो. परंतु तेवढीच रक्कम शाळा व दवाखान्यांना उपलब्ध राहत नाही. म्हणून असा निधी मागताना त्याचा उद्देश, मुदत व हिशेब या तिन्ही गोष्टी कायद्यात स्पष्ट असाव्यात, हा आग्रह जागरूक नागरिकाने धरावयास हवा.