पेमेंट ‘अडकलं’ म्हणजे ‘फेल’ नाही: ॲपमध्ये चुकीला जागा कशी ठेवायची

बिलिंग ॲपच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते पेमेंटच्या गोंधळाचे. म्हणून आज थोडं प्रोग्रामिंग. घाबरू नका, कोड आपल्याला लिहायचा नाहीये. लिहिणाऱ्याला काय विचारायचं, तेवढं समजून घेऊ.

आधी माझ्याच काउंटरवरचा किस्सा. दिवाळीची गर्दी, एका काकूंनी यूपीआयने १,८५० रुपये पाठवले. उत्तर आलं ‘पेंडिंग’. आमच्या ॲपला दोनच उत्तरं माहीत होती, झालं किंवा नाही झालं. त्याने ‘नाही झालं’ दाखवलं, काउंटरवरच्या पोराने पुन्हा स्कॅन करायला लावलं आणि थोड्या वेळाने दोन्ही पेमेंट जमा! पैसे परत केले, पण काकू काही पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

यात पोराची काय चूक? ॲपमध्ये तिसऱ्या उत्तराला जागाच नव्हती.

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये काम बिघडू शकतं ही गोष्ट त्या कामाच्या टाइपमध्ये, म्हणजे उत्तराच्या साच्यातच लिहून ठेवतात. अशा साच्यांना इफेक्ट टाइप म्हणतात. हॅस्केलमध्ये ‘आयदर’ आहे: लेफ्टमध्ये चूक, राइटमध्ये बरोबर उत्तर. (राइट म्हणजे उजवाही आणि बरोबरही, लक्षात ठेवायला सोपं.) रस्टमध्ये त्यालाच ‘रिझल्ट’ म्हणतात. स्कालाच्या ‘झिओ’मध्ये तीन खाने असतात: कामाला काय लागतं, काय बिघडू शकतं, शेवटी काय मिळतं.

आपल्या काउंटरचा साचा असा हवा:

पेमेंट = जमा(रक्कम) किंवा नाकारलं(कारण) किंवा अडकलं(व्यवहार क्रमांक)

रस्टमध्ये या तिन्हींपैकी एकाची सोय करायची राहिली, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. अर्थात, ‘बाकी काहीही असो’ अशी पळवाट डेव्हलपरने ठेवली नसेल तर!

दुसरा फायदा साखळीचा. स्टॉक बघा, पेमेंट घ्या, बिल काढा. स्टॉकलाच चूक आली, तर पुढच्या पायऱ्या आपोआप गाळल्या जातात. पण इथे लोक फसतात: पेमेंट होऊन बिलाला चूक आली, तर पैसे आपोआप परत जात नाहीत. ती उलटी पायरी वेगळी लिहून घ्यावी लागते.

आणि ‘अडकलं’ आलं तर? पुन्हा पैसे मागायचे नाहीत. ॲपने तोच व्यवहार क्रमांक घेऊन थोड्या थोड्या वेळाने स्थिती विचारायची. गिऱ्हाइकाला रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम सांगा: खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

तुमच्या डेव्हलपरला आजच विचारा, “पेंडिंग आलं तर आपलं ॲप स्क्रीनवर काय दाखवतं?” काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.