रिकामी जागा रिकामीच ठेव

रत्नागिरी

चि. निखिल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. पतसंस्थेचा सगळा डेटा तू एका रात्रीत मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये हलवलास, असं कौतुकाने सांगत होती. तारखांपाशी अडलं, तेव्हा तिथे १ जानेवारी १९७० भरून मोकळा झालास, हेही तिच्याच तोंडून कळलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरंच भरलीस का रे ती तारीख?

तू का अडलास ते मला कळतं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये तारीख ठाऊक नसली की ००००-००-०० खपून जायचं. ५.७ पासून तेही मूळ सेटिंगमध्ये असली तारीख नाकारू लागलं, आणि पोस्टग्रेसच्या लेखी तर शून्य साल नाहीच. मग तिथे नल ठेवायचं. रकान्यावर नॉट नलची अट असेल, तर ती का घातली हे संस्थेत विचारून मगच काढायची. १९५६-००-०० अशाही नोंदी असतील बघ: साल माहीत, महिना-दिवस नाही. त्यांना सरसकट नल केलंस तर हातातलं सालही जाईल. जुनी नोंद जशीच्या तशी मजकूर म्हणून शेजारच्या रकान्यात ठेव. तंत्रनिकेतनात पोरांना हेच कानीकपाळी ओरडून सांगत आले, आणि घरच्याच पोराने असं करावं?

भरलेली तारीख गप्प बसत नाही, निखिल. ती वय मोजू लागते. संस्था ज्येष्ठांना जादा व्याज देत असेल, तर तुझ्या १९७० मुळे एखाद्या ऐंशीच्या आजोबांना ते २०३० पर्यंत मिळायचं नाही. आणि ती खोटी आहे हे ओळखणार कोण? रिकामी जागा दिसते तरी.

आपल्या आप्पांचंच बघ. जन्म श्रावणातला, पण शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिलं. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनच. पहिल्या तारखेचा जन्म म्हणून आप्पा ३१ मे रोजी निवृत्त झाले, श्रावणाची वाट न बघता. आजी सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला, नदीला पूर होता. मी तेव्हा कॉलेजात. जुनी पंचांगं घेऊन तिच्याजवळ एक दुपार बसले असते, तर खरी तारीख सापडली असती. मला परीक्षेचं पडलं होतं. आजी गेली, आणि आप्पांचा वाढदिवस अजून मास्तरांच्याच तारखेला होतो. ते हसून पेढा खातात. मला तो पेढा गिळवत नाही.

म्हणून विचारते, भरलीस का? भरली असशील तरी घाबरू नको. जुना बॅकअप असेलच. त्यातून कुठल्या नोंदी शून्याच्या होत्या ते काढता येईल. आजच साहेबांना सांग. धीर होत नसेल तर आधी मला फोन कर, दोघं बसून यादी करू. रागावले खरी, पण एवढं मोठं काम तू एकट्याने ओढलंस याचा अभिमानही आहे मला. जागरणं कमी कर, वेळेवर जेव. फणसपोळी आणि आमसुलं पाठवतेय. गणपतीला रजा टाकून ये, आप्पा रोज विचारतात.

तुझी
आत्या