‘पाय दुखतो’ म्हणजे नेमके कुठे?

पाड्यावरच्या रुग्णासोबत तुळिंजच्या पालिका रुग्णालयात जाताना ‘पाय दुखतो’ एवढेच सांगू नका. जागा सांगा: मांडी, गुडघा, नडगी, घोटा की टाच, पुढून की मागून. हाताचेही तसेच: खांदा, दंड, कोपर, मनगट. प्रौढाच्या २०६ हाडांपैकी १०६ मनगट, पंजे व पावलांतच असतात. म्हणून बोटही कोणते ते सांगा. उजवे-डावे रुग्णाचे धरा. समोरून पाहणाऱ्याचे उलटे असते, आणि एक्स-रे भलत्याच बाजूचा निघू शकतो. आधी रुग्णाला दुखऱ्या जागी बोट ठेवू द्या, मगच बोला.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात पौल मंडळीला शरीर म्हणतो. एका अवयवाचे दुखणे सर्वांचे. ते दुखणे नीट पोहोचवणे हीही सेवाच.