जपानी चित्रकथा मुळातून वाचताना

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती त्या इंग्रजी भाषांतरातून येतात. भाषांतर कितीही चांगले असले तरी त्यातून एक गोष्ट हमखास गळते, आणि तिच्यासाठी मूळ वाचावे असे मी आग्रहाने म्हणेन.

टीव्हीमुळे घरोघरी पोचलेल्या ‘डोराएमोन’चेच पाहा. फुजिको एफ. फुजिओ यांची ही कथा डिसेंबर १९६९ पासून मुलांच्या मासिकांत येऊ लागली. तिच्यात नोबिता स्वतःला ‘बोकू’ म्हणतो, दांडगा जियान ‘ओरे’, तर शिझुका ‘वाताशी’. तिन्हींचा अर्थ ‘मी’च! इंग्रजीत तिघांचाही ‘आय’ होतो. कोण मवाळ, कोण रांगडा, हे पुसले जाते. तू, तुम्ही, आपण यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही खोच सहज कळावी.

आता आरंभाविषयी. पुस्तक आपल्या उलट बाजूने उघडते. चौकटी वरच्या उजव्या कोपऱ्यापासून डावीकडे वाचायच्या, मग खाली उतरायचे. दोन दिवसांत सवय होते. हिरागाना व काताकाना या लिपींची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आधी घोटावीत. तिसरी लिपी कांजी. नित्य वापराच्या सरकारी यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत, आणि हा आकडा ऐकूनच पुष्कळ जण पुस्तक मिटतात. वास्तविक मुलांच्या मांगांत कांजीच्या उजवीकडे बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो. त्याला ‘फुरिगाना’ म्हणतात. उच्चार कळला की कोश उघडता येतो.

मला अधिक छळले ते बोलीने. पाठ्यपुस्तक ‘शिते इमासु’ असे सभ्य रूप शिकवते. चित्रकथेतली मुले ‘शितेरु’ म्हणून मोकळी होतात. ‘करीत आहे’चे आपण ‘करतोय’ करतो, तसेच हे. कोशात अशी रूपे सहसा सापडत नाहीत, म्हणून त्यांची निराळी वही ठेवावी.

वाक्यरचना मात्र घरची वाटते. ‘तोक्यो नि इकु’ म्हणजे ‘टोकियो-ला जातो’, शब्दास शब्द. चित्रांत ठळक रंगवलेले नादशब्दही ओळखीचे भासतात: ‘दोकिदोकि’ ही छातीची धडधड, ‘किराकिरा’ ही लखलख. सर्वांत नवल ‘शीऽन’चे. तो शांततेचा आवाज आहे! कोणीच बोलत नसलेल्या चौकटीत तो लिहितात. मराठीत त्यासाठी काय घालावे, हे मला अजून सुचलेले नाही. ‘चिडीचूप’ जवळचा, पण तो ऐकू येत नाही.