मुक्त शैक्षणिक साधनें : स्वरूप व लाभ

आमच्या विद्यार्थिदशेंत एकच संदर्भग्रंथ चौघांस पाळीपाळीनें वाचावा लागे. परीक्षा जवळ आली कीं, ज्याची पाळी शेवटची त्याची त्रेधा उडे. संगणक व इंटरनेट ह्यांच्या योगानें ही अडचण आतां बरीच दूर झाली आहे. परंतु कायद्याची अडचण उरते. लेख लिहिला जातांच त्यावर स्वामित्वहक्क उत्पन्न होतो, व आपल्या देशांत तो सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतरहि ६० वर्षें टिकतो. तोंपर्यंत अनुमतीवांचून त्याच्या प्रती काढून विकणें किंवा भाषांतर प्रसिद्ध करणें गैर ठरतें.

ज्या साधनांच्या कर्त्यांनीं ही अनुमति आधींच लेखी देऊन ठेविली आहे, किंवा ज्यांवरील हक्काची मुदत संपली आहे, त्यांस मुक्त शैक्षणिक साधनें म्हणतात. २००१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान-संस्थेनें आपल्या शिक्षणक्रमांचें साहित्य सर्वांस खुलें करण्याचें जाहीर केलें. पुढील वर्षीं पॅरिस येथें युनेस्कोनें भरविलेल्या सभेंत वरील नांव रूढ झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्यांनीं अनुमति देण्याची सोपी रीत घालून दिली. आपल्या देशांतहि २०१३ सालीं अशा साधनांचें राष्ट्रीय भांडार उघडण्यांत आलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. फुकट तें सर्व मुक्त नव्हे. फुकट मिळालेला पाठ वाचतां येतो. मुक्त पाठ जवळ ठेवतां, इतरांस वाटतां आणि परवान्यांत मुभा असल्यास बदलतांहि येतो. समजा, गव्हाच्या शेतीवर इंग्रजींत एक उत्तम पाठ आहे. कोंकणांतील शिक्षकानें तो मराठींत आणून गव्हाच्या जागीं भाताची लावणी घातली, तर तोच पाठ तेथील मुलांस आपल्या शेतांतला वाटेल. पालकांचा पुस्तकांवरील खर्च वांचतो हें खरेंच. परंतु हा दुसरा लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

विद्यार्थिमित्रहो, ह्या मोकळीकीबरोबर जबाबदारीहि येते. मूळ कर्त्याचें नांव देणें ही बहुतेक परवान्यांची पहिली अट आहे. दुसऱ्याचा उतारा आपल्या नांवावर खपविणें ही चोरीच होय; मग तो कितीहि मुक्त असो. शिवाय इंग्रजीच्या मानानें मराठींत अशीं साधनें थोडीं आहेत. २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत कोणासहि लिहितां येतें. आपल्या गांवची नदी, पिकें, कारागिरी ह्यांविषयीं विश्वसनीय ग्रंथांतून पडताळून चार परिच्छेद तरी तुम्ही लिहा. म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्यांस पाळीची वाट पाहावी लागणार नाहीं.