ब्रेकचं काम मैत्रीत घेऊ नकोस

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बापू,

खंडेनवमीला गाडीची पूजा करणार, असं तू पावसाळ्याआधीच सगळ्या बदनापूरला सांगून बसला होतास. दसरा गेला, दिवाळी गेली, गाडी अजून शेडमध्ये विटांवर. तुझ्या आईला वाटतं पैसा पाण्यात गेला. परवा फोनवर म्हणाली, "पोरं येतात, चहा घेतात, गाडीभवती चकरा मारतात अन् निघून जातात." मला पैशाची काळजी वाटली नाही, त्या चकरांची वाटली. हाताला काम येणारी चार पोरं चकरा मारतात, म्हणजे आज काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायचं मालकानं, आणि मालक तू आहेस.

माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. दापोडी, हिंगणा आणि आमचं चिकलठाणा, या तीन ठिकाणी महामंडळ कोऱ्या चासीवर स्वतःची बस बांधत आलं. सांगाडा भराभर उभा राहतो. पत्रा चढला की लांबून बस तयार दिसते, आणि खरी वेळ खाणारी कामं तिथून पुढं सुरू होतात. खिडक्यांची रबरं, दाराची कडी, छताची गळती, कुठून तरी येणारी आणि सापडत नसलेली खडखड. या कामाला शाबासकी नाही, म्हणून हौशी माणूस नेमका इथं पांगतो. हौदा वेल्ड केला त्या रात्री तुम्ही व्हिडिओ काढून गावभर पाठवला होता. वायरिंगच्या गुंत्याचा व्हिडिओ कोण काढणार?

तुमच्या शेडमध्ये उभी आहे ती गाडी साधी नाही, हे तुझ्या दोस्तांना एकदा नीट सांग. अमेरिकेच्या विलीज कंपनीनं ही 'फॉरवर्ड कंट्रोल' पिकअप 1956 च्या अखेरीस आणली. ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या माणसानं तिचा चेहरा आखला. नाक जवळजवळ नाहीच, केबिन थेट पुढच्या चाकांवर, आणि इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी झाकणाखाली. उन्हाळ्यात चालवशील तेव्हा ते झाकण तुला स्वतःची ओळख करून देईल. आपल्याकडे महिंद्रनं 1965 पासून एफसी-150 बनवायला घेतली. त्या कंपनीचं 1945 मधलं नाव महिंद्र अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. विषय तो नाही, पण जुनी गाडी उघडली की असला इतिहासही तिच्याबरोबर बाहेर पडतो. जालन्याच्या भट्ट्यांत रोज किती लोखंड वितळून सळई होतं ते तू पाहतोसच. ही त्यातून वाचली.

आता इंजिनाचं. तुझा लेथवाला मित्र म्हणतो, जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकू, जमलं तर पॉवर स्टिअरिंगही. माझं मत स्पष्ट आहे, तसं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात मनासारखा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते आणखी ठासून सांगितलं. दुसरीकडे जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली खाजगी गाडी, मूळ रूपात असेल आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसेल, तर नव्या नोंदणीचे 20,000 रुपये भरून 10 वर्षांसाठी 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. पण मग ती गाडी रोजच्या वापराला आणि धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मोसंबीचे क्रेट भरून जालन्याच्या मार्केटला जायचं तुझं स्वप्न या पाटीवर बसत नाही. ते हवं असेल तर साधी नोंदणी, तपासणी आणि नूतनीकरणाचा रस्ता धरावा लागेल, आणि नोंदणीच्या पुस्तकावर गाडी मालवाहू म्हणून लिहिलेली असेल तर दरवर्षी फिटनेस. कोणता रस्ता ते रंगाचा डबा उघडण्याआधी ठरव. जालन्याच्या आरटीओ कार्यालयात जुनं पुस्तक घेऊन स्वतः जा, एजंटाला पाठवू नकोस. मूळ इंजिन ठेवलंस तर दोन्ही दारं उघडी राहतात.

पुस्तकावरून आठवलं. ते अजून त्या अंबडच्या वारलेल्या म्हाताऱ्या मालकाच्या नावावर आहे, असं तुझी आई म्हणाली. आधी वारसांच्या नावावर, मग तुझ्या. वारसाच्या अर्जाला फॉर्म 31, विक्रीला 29 आणि 30. सगळ्या वारसांच्या सह्या आजच गोळा कर. गाडी पत्र्यासारखी कळकट दिसते तोवर सही सहज मिळते, चकाकली की भावाभावांत हिस्से निघतात. आणि ग्राइंडर चालवणाऱ्या पोराला बजावून सांग, चासी नंबरावर चाक फिरवायचं नाही. तिथं तारेच्या ब्रशनं हळूच घासायचं, रंगही पातळ मारायचा. उद्या निरीक्षक कागद ठेवून पेन्सिलीची छाप घेईल तेव्हा आकडा उमटला पाहिजे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची गोष्ट तुला माहीत असेल. भंगारातून त्यानं छोटी जीप बनवली, किक मारून चालू होणारी, खर्च साधारण 60 हजार. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं, आणि ही गाडी नियमात बसत नाही हेही त्याच दमात सांगितलं. बदल्यात त्यांनी नवी बोलेरो दिली आणि जानेवारी 2022 मध्ये ती त्या घरी पोचली. लोक बोलेरोवर थांबतात. मला त्यात दिसतं ते असं, की माणसानं गाडी पुरी केली. अर्धवट जीपकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण प्रत्येक गाडीला बोलेरो मिळत नाही, म्हणून कागद.

आता मित्रांचं बोलतो.

आपल्याकडे इर्जिक घालायचे तेव्हा शेजारपाजारचे बैल-औतं एका शेतात यायचे आणि दिवसात नांगरट व्हायची. मजुरी कुणी मागत नव्हतं. पण ज्याचं शेत, तो आदल्या दिवशी बांध बघून ठेवायचा, दगडधोंडे वेचायचा, पाण्याची सोय करायचा, आणि संध्याकाळी पोटभर जेवू घालायचा. माणसं दारात आल्यावर 'कुठून सुरू करू या' असं विचारणाऱ्याच्या शेतात पुढच्या वर्षी कोण जाईल? तुझ्या शेडमध्ये हेच होतंय. वेल्डर आला तर पत्रा कापलेला नाही, वायरमन आला तर बॅटरी चार्ज नाही. सळईच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला पोरगा तुझ्यासाठी झोप मोडतो आणि तू त्याला सँडपेपर आणायला बाजारात धाडतोस. घासणं, धुणं, ग्रीस काढणं, बोल्ट डब्यांत निवडून ठेवणं ही हात काळे करणारी कामं तुझी एकट्याची. त्यांनी यावं, आपल्या हातचं कसब दाखवावं, जेवावं आणि घरी जावं. रॉड, गॅस, पत्रा, कटिंग व्हील यांचा पैसा त्यांच्या खिशातून एक रुपयाही जाता कामा नये. आणि वेल्डरला त्याच्या धंद्याच्या वेळेत बोलावू नकोस. त्याच्या घरी चूल त्या वेळेवर पेटते.

एक काम मात्र मैत्रीत घेऊ नकोस, ते ब्रेकचं. स्टिअरिंगचंही. ही दोन्ही कामं पैसे देऊन, जुन्या जीप उघडलेल्या मिस्त्रीकडून करून घे. तुझ्या दोस्तांना ते येत नाही असं मी म्हणत नाही. पण फुकट काम करणाऱ्या मित्राला 'हे परत खोल' असं तोंड उघडून म्हणता येत नाही, आणि ब्रेकचं काम परत खोलावंच लागतं. तू भिडेपोटी गप्प बसशील, तो वाईट वाटायला नको म्हणून चालवून घेईल. मिस्त्रीला पैसे दिलेत म्हणजे त्याला तीनदा खोलायला लावता येतं. उद्या काही झालं तर त्या पोराच्या जन्माला तो बोल लागतो, हेही लक्षात घे. हौदा वाकडा झाला तर हसता येतं.

कामाचा क्रम ब्रेक, मग वायरिंग, मग रंग असा ठेव. तुम्ही उलटा धरलाय. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग फुगून सुटतो, म्हणून ब्रेकची एअर रंगाआधी काढून झाली पाहिजे. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडा. आत खड्डे पडले असतील तर नुसत्या नव्या रबरानं भागत नाही. या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असते, एक पाइप फुटला की पेडल सरळ खाली जातं. त्यामुळं लोखंडी पाइप वरून चांगले दिसले तरी नवे टाका, आणि हँडब्रेक शोभेचा ठेवू नका.

वायरिंगला फ्यूज बॉक्स हवा, आणि प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थिंगची वायर. रंगवलेल्या पत्र्यावर बोल्ट आवळून अर्थ मिळेल या भरवशावर राहिलात तर रंगानंतर निम्मे दिवे मिणमिणतील. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा, टाकी उतरवून शेडबाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. टाकीवरून आणखी एक. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, गंजाला वाट करतं आणि जुन्या काळची रबरं फुगवतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा आजच्या पेट्रोलला टिकणारा घ्या, टाकी आतून साफ करून घ्या. इंजिन फटके मारतंय म्हणालास. प्लगच्या वायरी 1-3-4-2 अशा लागल्यात का ते एकदा बघ. पोरं हमखास 1-2-3-4 लावतात.

पत्र्याला साधं आर्क वेल्डिंग नको, पातळ पत्र्याला भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग वापरा, आणि सलग ओढू नका. इथं एक टाका, तिथं एक टाका, मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर पत्रा लाटा मारतो आणि मग लांबी थापत बसावं लागतं. जाड लांबी मला गाडीवर दिसली तर मी ती चावीनं खरवडणार आहे. रंगाला आता हवा चांगली आहे, पाऊस गेला, दमटपणा कमी. पण पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत कायमचा दमा बसवतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पेंटरला आणि शेडमध्ये थांबणाऱ्या प्रत्येकाला काडतुसाचा मास्क, नाहीतर बाहेर. या बाबतीत कुणाची मर्दुमकी ऐकून घेऊ नकोस. रंग कोणता, यावर तुमचं भांडण चाललंय म्हणे. त्यात मी पडत नाही. एवढंच की मत सगळ्यांचं घे आणि ठरव एकट्यानं.

पहिल्या दिवशी जालना रोडवर धूम ठोकायची नाही. समृद्धी महामार्गाचं तर नावच काढू नका. तिथं 120 ची मर्यादा, मागून येणाऱ्याला तुमच्या ड्रम ब्रेकची काय कल्पना? आधी गावातल्या गावात, मग सोमठाण्याच्या रस्त्याला. देवीच्या गडाच्या चढावर हँडब्रेक ओढून बघा. ही गाडी नाकाला जड आहे. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एफसी गाड्यांत तर मागं वजनाचा ठोकळा बसवलेला असायचा, जोरात ब्रेक मारला की मागची बाजू उचलू नये म्हणून. तेव्हा रिकाम्या हौद्यानं ब्रेक तपासून झाला की वाळूची पोती टाकून परत तपासा. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, नवे पाटे बसतात आणि बोल्ट ढिले होतात. हे कुणाच्या लक्षात राहत नाही, भिंतीवर खडूनं लिहून ठेव.

मी पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. तोवर उरलेल्या कामांची यादी करून प्रत्येकापुढं एकच नाव लिही, दोन नावं लिहिलीस तर ते काम कुणाचंच नाही. दोस्तांना जेवायला थांबव, तुझ्या आईला मी पिठलं-भाकरी आणि ठेचा सांगितलाय. आणि वेल्डरला निरोप दे, मागच्या फाळक्याचे बिजागर पक्के वेल्ड करू नकोस. मी येईपर्यंत नट-बोल्टवरच ठेव, हौदा भरल्यावर तो किती खाली बसतो ते बघून मग जागा ठरवू.

तुझा,
मामा