बेदाण्याचा हिशेब आणि घरचा कॉम्प्युटर

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. बेदाण्याचे सौदे, औषधांची बिलं, मुलीचा अभ्यास, सगळं घरच्या विंडोज १० कॉम्प्युटरवर आहे. फुकटचा अँटिव्हायरस पुरे का?
– एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : अँटिव्हायरस म्हणून विंडोजमधला डिफेंडर घरासाठी चांगला आहे. मला काळजी वाटते ती विंडोज १० ची. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट संपले. मशीनला झेपत असेल तर विंडोज ११ घाला, नाहीतर मुदतवाढीची नोंदणी करा. हे टाळू नका. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने आपली द्राक्षं जिथून परदेशी जातात त्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं. तो विंडोजच्या ज्या फटीचा फायदा घेई, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती.

व्यापाऱ्याच्या नावाने आलेली फाइल उघडण्याआधी तिचं पूर्ण नाव वाचा. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. मग ‘बिल.पीडीएफ’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ निघाली, तर ते बिल नव्हे, प्रोग्रॅम आहे. लगेच डिलीट करा.

हिशेबाची नक्कल दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. मुलीला वेगळं, ॲडमिन नसलेलं खातं द्या.

आणि खात्यातून पैसे गेलेच, तर सकाळची वाट न पाहता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा.